जिवंतांचा कागद

आमच्या वस्तीत देऊळ आधी झाले आणि प्रार्थना नंतर सुरू झाली. मधल्या काळात त्या देवळात फक्त कप्तानसाहेबांची खुर्ची होती.

नागझरीच्या ओढ्यापलीकडे राहणारे आम्ही श्रीमंतांच्या तोफखान्यातले ख्रिस्ती. वीस-बावीस घरे असतील. बहुतेकांचे बाप चाकरीसाठी गोव्याकडून आलेले. माझा जन्म पुण्यातला, गोवा मी अजूनही पाहिलेला नाही, पण नागझरी ओलांडून पेठेत शिरलो की मी फिरंगी व्हायचो. बाप गोलंदाज होता. माझे डोळे लहानपणापासून अधू, त्यामुळे तोफेजवळ मला कोणी उभे केले नाही. एका पंतोजींच्या ओसरीखालच्या पायरीवर बसून मी मोडी शिकलो, मग हाताला लागेल ती पोथी आणि बखर वाचत गेलो, आणि तोफखान्याच्या दप्तरात कारकून झालो. वस्तीत लिहिता येणारा मी एकटा. पुढे जे झाले ते त्यामुळेच झाले.

पाद्री दीड-दोन वर्षांतून एकदा यायचा. आला की साठलेली सगळी कामे उरकायचा. एकाच सकाळी एका जोडप्याचे लग्न आणि त्यांच्याच मुलाचा बाप्तिस्मा झालेला मी पाहिला आहे, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटले नव्हते. गेल्या पावसाळ्यात पुरलेल्यांवर या पावसाळ्यात पवित्र पाणी शिंपडले जायचे. तो निघून गेला की आम्ही ख्रिस्ती आहोत हे आमच्या स्वयंपाकावरूनच काय ते कळायचे. पुरुष सोंगट्या खेळायचे, प्यायचे, भांडायचे. बायका पाण्यावरून भांडायच्या.

अशात सरकारातून देवळासाठी जागा मिळाली. आम्हीही त्याला देऊळच म्हणायचो, दुसरा शब्द सांगितला तर शेजारच्या पेठेत कोणाला कळला नसता. जागा सरकारने दिली, भिंती आम्ही रचल्या आणि श्रेय कप्तानसाहेबांनी घेतले. ही वाटणी आमच्याकडे सगळ्याच कामांत असायची. कप्तानसाहेब तोफखान्यातल्या आमच्या टोळीचे मुख्य. माणूस शूर होता, हे मी नाकारत नाही. पण शूर माणसाला शांततेच्या दिवसांत काहीतरी करायला लागते. त्यांनी कुठल्याशा स्वारीतून आणलेली एक कोरीव खुर्ची देवळात नेऊन ठेवली. ती कुठे ठेवावी यावर दोन दिवस खल झाला. देवाकडे पाठ नको आणि लोकांकडेही नको, म्हणून शेवटी ती तिरकी ठेवली. त्या खुर्चीत बसून त्यांना नेमके काय दिसत असेल, हा प्रश्न मला पुढे अनेकदा पडला. देवळाच्या पहिल्या दिवशी ताशे वाजले, दोन बार उडवले, आणि दुसऱ्या दिवसापासून दाराला कडी. पाद्री नाही तर मिसेची उपासना कोण करणार? आणि मिसा नाही तर देवळात जायचे कशाला, असे आमचे सरळ मत होते.

त्या वर्षी दक्षिणेची स्वारी झाली. तोफा गेल्या, परत आल्या, तोफांबरोबर गेलेले सगळे परत आले नाहीत. आमच्या टोळीतले चार मेले, ते मेलेले लोकांनी पाहिले होते. पाचवा एक गोलंदाज नदीच्या उतारावर मागे राहिला. तो पडला एवढे कळले. पुढचे कोणालाच माहीत नव्हते, कारण पुढचे पाहायला कोणी थांबले नव्हते.

त्याची बायको वस्तीच्या टोकाच्या घरात राहायची. मूलबाळ नव्हते. बाई शांत, रंगाने सावळी, बोलण्यात थोडी तोडून टाकणारी. स्वारी परतली त्याच्या दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला तिने देवळाची कडी काढली, आत जाऊन क्रुसापुढे बसली आणि मोठ्याने बोलू लागली. तिला लॅटिन येत नव्हते. गोव्याकडची लांबलचक प्रार्थना येत होती ती तिने म्हटली, आणि मग सरळ मराठीत सांगितले, की माझा नवरा मागे राहिला आहे, त्याला सांभाळ. तिसऱ्या दिवशी तिच्याजवळ एक म्हातारी जाऊन बसली. आठवड्यात सात-आठ बायका झाल्या. कोणाचे लेकरू तापाने फणफणलेले, कोणाचा भाऊ गोव्याच्या वाटेवर. एकीने नाव घ्यायचे आणि बाकीच्यांनी म्हणायचे, त्याला सांभाळ. मेलेल्या चौघांच्या बायकाही येऊ लागल्या. त्यांच्या माणसांना सांभाळ म्हणण्यात अर्थ नव्हता, म्हणून त्यांच्यासाठी गुडघे टेकून म्हणायचे, त्याला विसावा दे. हे कोणी ठरवले नाही, पाद्रीने शिकवले नाही. त्या बायकांनी बसल्या बसल्या घडवले.

मी संशयी माणूस आहे. देवाबद्दल माझे मत मी कधी कोणाला सांगितले नाही, आणि आता या वयात सांगण्यात फायदाही नाही. पण त्या पावसाळ्यात जे झाले ते मी डोळ्यांनी पाहिले. पुरुष आधी बायकांना बोलवायला म्हणून दारात उभे राहू लागले, मग दाराच्या आत, मग गुडघ्यांवर. सोंगट्यांचा पट दिवेलागणीला गुंडाळला जाऊ लागला. ज्याच्या आजारी बापासाठी संध्याकाळी सगळ्यांनी मिळून मागणे मागितले, त्याच्याशी सकाळी विहिरीवर भांडायचे कसे, ही मोठीच अडचण झाली. बाळंतिणीच्या घरी न सांगता भाकऱ्या पोचू लागल्या. माझी बायकोही जाऊ लागली. घरी येऊन ती मला सांगायची की आज अमक्याचे नाव घेतले. मी म्हणायचो, बरे झाले. काही दिवसांनी मी तिला पोचवायला म्हणून गेलो, आणि आतच बसलो.

नावे वाढली तशी त्या गोलंदाजाच्या बायकोला भीती वाटू लागली की एखादे सुटेल. ती एका संध्याकाळी मला म्हणाली, "भाऊ, तुम्ही लिहून आणा. सुटलेल्या माणसाला वाटेल आपण त्याला सोडून दिलं." मी दोन कागद केले. एक जिवंतांचा, एक मृतांचा. जिवंतांचा आधी वाचायचा, मग गुडघे टेकून मृतांचा. जिवंतांच्या कागदावर पहिले नाव तिच्या नवऱ्याचे होते. तिने सांगितले म्हणून नव्हे. सुरुवात त्याच्यापासून झाली होती, म्हणून मी ते तिथे घातले. दप्तरात आयुष्यभर मी जे लिहिले त्यात मनापासून लिहिलेले बहुधा तेवढेच.

पुढे एक गोष्ट अशी झाली की आमच्या कागदाची ख्याती दप्तरापर्यंत गेली. दुसऱ्या टोळीबरोबर गेलेल्या वस्तीतल्या एका गोलंदाजाला दप्तरात मेलेला म्हणून लिहिले होते. त्याची आई ऐकायला तयार नव्हती, म्हणून आमच्याकडे तो जिवंतांच्या कागदावरच होता. दीड महिन्याने तो काठी टेकत वस्तीत आला. त्या दिवशी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. दप्तरातले आमचे मुख्य कारकून, शनिवार पेठेतले एक वयस्क गृहस्थ, दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "अहो, आम्ही मारलेला माणूस तुम्ही जगवलात म्हणे. चांगलं आहे. आमचं काम उलट चालतं." मी हसलो. पण छाती थोडी फुगली, हे खोटे कशाला सांगू. पायरीवर बसून शिकलेल्या माणसाचा कागद सरकारी कागदापेक्षा खरा ठरला होता.

एवढे सगळे चाललेले पाहून कप्तानसाहेब पुन्हा खुर्चीत येऊन बसू लागले. त्यांचे येणे स्वाभाविकच होते, जिथे पंधरा माणसे रोज ठरल्या वेळी जमतात तिथे मुख्य माणूस फार दिवस बाहेर राहत नाही. आधी घंटा आली. मग बसण्याच्या जागा ठरल्या: पुढे जमादार, मग गोलंदाज, मग बाकीचे, भिंतीशी बायका. मग कप्तानसाहेबांनी मला सांगितले की नावे हुद्द्याप्रमाणे लिहा. श्रीमंतांच्या दीर्घायुष्याचे मागणे सर्वांत वर, मग स्वतः कप्तानसाहेब आणि त्यांचा गुडघा, मग त्यांचे कुटुंब. मागे राहिलेल्या गोलंदाजाचे नाव खाली खाली सरकत जिवंतांच्या कागदाच्या शेवटी गेले. बाईने ते चालवून घेतले. शेवटचे असले तरी ते त्याच कागदावर होते. आमच्या देवळात सरकारसाठी रोज प्रार्थना होते हे कप्तानसाहेबांनी योग्य ठिकाणी कळवले आणि त्यांना एक शाल मिळाली. ती पांघरून ते चैत्रातही देवळात बसत. घाम गळायचा, पण शाल उतरायची नाही.

असे दीड वर्ष गेले. रोज दिवेलागणीला मी त्याचे नाव वाचत होतो, पन्नास-साठ माणसे म्हणत होती, त्याला सांभाळ, आणि तो येत नव्हता. हे कसे असते ते सांगतो. तापातली लेकरे एकतर बरी होतात नाहीतर जातात. महिन्याभरात नाव या कागदावरून उतरते किंवा त्या कागदावर चढते. हे एकच नाव तसेच राहिले. प्रार्थना लागू पडत नाही हे रोज संध्याकाळी सर्वांसमोर सिद्ध होत होते, आणि सिद्ध करणारी बाई भिंतीशी बसलेली होती. लोक तिच्यावर चिडू लागले. उघड कोणी बोलले नाही. पण नाव आले की आवाज बारीक व्हायचा, आणि तिच्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. मेलेल्यांचे बरे असते. विसावा मिळाला की नाही, हे सांगायला कोणी येत नाही.

त्याच सुमारास कप्तानसाहेबांचा भाचा गोव्याहून आला. त्याला तोफेवर घ्यायचे होते आणि जागा एकच होती, न परतलेल्याची. जागेबरोबर वस्तीतले घर यायचे, तसाच तोफखान्याचा रिवाज होता. पण मागच्या चुकीनंतर माणूस मेल्याची खात्री झाल्याशिवाय दप्तर जागा रिकामी धरत नव्हते. मुख्य कारकुनांनी मला बोलावले. म्हणाले, "तुमच्या देवळात तो कुठल्या कागदावर आहे?"

मी म्हणालो, जिवंतांच्या.

"मग आम्ही तरी कसा मारावा? तुमच्या देवापुढे रोज वाचता, म्हणजे खोटं नसणार. आमच्या कागदांबद्दल मी इतकं छातीठोक सांगणार नाही. तुमचा कागद बदलला की कळवा, आम्ही आमचा बदलतो."

ते थट्टेत म्हणाले की खरेच, हे मला आजही ठरवता येत नाही. पुण्यात हा फरक ओळखायला वेगळा कारकून लागेल. मी जाऊन कप्तानसाहेबांना शब्दाला शब्द सांगितले. का सांगितले? तर माझ्या कागदावर सरकारचे दप्तर थांबले आहे, हे मला कोणालातरी सांगायचे होते. एवढेच कारण. भीतीने सांगितले असते तर निदान आज क्षमा मागता आली असती.

कप्तानसाहेबांनी सगळे रीतीने केले. त्या स्वारीत तोफेचे बैल हाकणारा मांजरी गावचा एक शेतकरी होता, त्याला बोलावून घेतले. रविवारी सकाळी देवळाच्या अंगणात खुर्ची मांडली, आम्ही सगळे भोवती. गोलंदाजाची बायको पुढे येऊन उभी राहिली. शेतकऱ्याने पागोटे सारखे केले आणि सांगितले की उताराशी चाक रुतले, वरून मारा होत होता, तो गडी मांडीला लागून पडला, बैल बुजले, मी बैल काढले.

"म्हणजे मेला," कप्तानसाहेब म्हणाले.

"मेलेला म्या न्हाई बघितला जी. पडलेला बघितला."

"पडला तो उठला का?"

"उठायला मी थांबलो कुठं? तुमी तरी कोण थांबला व्हता?"

कप्तानसाहेबांनी शाल सावरली आणि विचारले की मग तुझ्या मते तो जिवंत आहे का. शेतकरी बाईकडे बघत म्हणाला की माझ्या मताचे काय आहे, पण पडलेला आन् मेलेला यात फरक हाय. त्याला एक नारळ देऊन वाटेला लावण्यात आले. मग कप्तानसाहेब सर्वांना म्हणाले की त्या बिचाऱ्याचा आत्मा दीड वर्ष विसाव्यावाचून तिष्ठत आहे, आणि आपण आपल्या हट्टापायी त्याच्यासाठी गुडघे टेकत नाही, हे पाप आहे. हे इतके नीट बसणारे होते की लोकांच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखे भाव आले. म्हाताऱ्याकोताऱ्या मान हलवू लागल्या. तिच्याजवळ पहिल्यांदा जाऊन बसलेली म्हातारीसुद्धा. दुपारी कप्तानसाहेबांच्या घरून बाईकडे काळे लुगडे गेले, आमच्याकडे विधवा काळे नेसते. ते तिने घडी न मोडता परत पाठवले.

आमच्या शहराला हे नवे नव्हते. सरकारवाड्यातल्या एका बाईंचे यजमान रणातून परतले नाहीत, तेव्हा त्यांनी कुंकू पुसायला नकार दिला, आणि त्या जगल्या तोवर कोणाची हिंमत झाली नाही. शहर त्यांच्याबद्दल आदराने बोलायचे. आमच्या बाईपाशी वाडा नव्हता.

संध्याकाळी देवळाच्या दारात तिने मला अडवले. मी दोन्ही कागद त्याच दुपारी नव्याने लिहून आणले होते. तिला वाचता येत नव्हते, पण तिने विचारले, "भाऊ, आज कुठल्या कागदावर वाचणार?"

मी म्हणालो, बघू.

माझ्या हातात ते लिहिलेले होते, आणि मी म्हणालो, बघू.

जिवंतांचा कागद संपला. तिच्या नवऱ्याचे नाव आले नाही. सगळ्यांनी गुडघे टेकले, तीही टेकून बसली. मी मृतांचा कागद वाचत गेलो आणि शेवटी ते नाव वाचले. माझा आवाज नीट होता, मी लक्ष दिले होते. साठ माणसे एका आवाजात म्हणाली, त्याला विसावा दे. इतक्या मोठ्याने ती माणसे कित्येक महिन्यांत त्याच्यासाठी बोलली नव्हती. तो आवाज थांबल्यावर भिंतीशी ती एकटी म्हणाली, "त्याला सांभाळ."

दुसऱ्या दिवशीही तसेच झाले. तिसऱ्या दिवशी कप्तानसाहेबांनी निरोप पाठवला की सर्वांबरोबर म्हणायचे असेल तर आत बसावे. ती दाराबाहेर बसली. आतून साठ, बाहेरून एक. काही बायकांनी तक्रार केली की त्यामुळे मन लागत नाही. मग घंटेजवळच्या माणसाला सांगण्यात आले की ते नाव झाले की लगेच घंटा वाजवायची. तिचे शब्द घंटेत जायचे. पंधरवड्याने घर रिकामे करण्याचा हुकूम आला, दप्तरातून निघाला तेव्हा तो माझ्याच अक्षरात होता. मांजरीचा तो शेतकरी बैलगाडी घेऊन आला आणि तिचा पसारा, म्हणजे एक पेटी आणि चार भांडी, घेऊन गेला. त्याच्या बायकोला उसाच्या कामाला हात हवा होता म्हणे. वस्तीतले कोणी बाहेर आले नाही. फक्त माझी बायको गाडीपर्यंत गेली, आणि परत येऊन दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

त्यानंतर आमचे प्रार्थनेचे काम फार उत्तम चालले. हे मी कुचेष्टेने म्हणत नाही, खरेच चालले. अडचण गेली होती. जे मागावे ते एकतर मिळत होते, नाहीतर महिन्याभरात दुसऱ्या कागदावर जात होते. पाद्री आला तेव्हा चकित झाला. इतक्या जागी तो फिरतो, म्हणाला, पण पाद्री नसताना रोज गुडघे टेकणारी माणसे त्याने पाहिली नव्हती. त्याने विचारले की हे सुरू कोणी केले. मग कप्तानसाहेब म्हणाले, परमेश्वराच्या कृपेने सगळ्यांनी मिळून केले. पाद्रीने माझ्याकडे पाहिले, कारण कागद माझ्या हातात होते. मी मान डोलावली. मग त्याने मृतांच्या कागदावरील प्रत्येकासाठी मिसा केली. त्या गोलंदाजासाठीही केली. आता तो धर्माच्या रीतीने पक्का मेला.

पाद्री गेल्यावर मी मांजरीला गेलो. तीन-साडेतीन कोस चालत. ती बांधावर बसून भाकरी खात होती, हात उसाच्या पात्यांनी कापलेले. मला तिने बसा म्हटले, अर्धी भाकरी पुढे केली. मी सांगितले की मिसा झाली. मग, हे सांगायला तर आलो नव्हतो म्हणून, म्हणालो की तुम्ही म्हणाल तर नाव पुन्हा जिवंतांच्या कागदावर घालतो, कप्तानसाहेब काय म्हणायचे ते म्हणोत. तेवढे धैर्य साडेतीन कोसांत मी जमवले होते, आणि भाचा घरात राहायला आल्यावर त्याला काही किंमत उरली नव्हती, हे मलाही ठाऊक होते.

तिने भाकरी संपवली, हात झटकले.

"नको," ती म्हणाली. "दोन्हीवरून काढा. त्यांचं मी बघते. तुम्हा लोकांच्या तोंडी ते नाव आता नको."

मी म्हणालो, न वाचता कसे चालेल, रोजचे आहे, लोक विचारतील.

"विचारतील?" ती म्हणाली. एवढेच म्हणून ती उठली आणि कामाला लागली.

त्या संध्याकाळी मी वेळेवर परत पोचलो. पाय दुखत होते. श्रीमंत, कप्तानसाहेब, त्यांचा गुडघा, कुटुंब, भाचा, मग बाकीचे. गुडघे टेकले. मृतांचा कागद वाचत शेवटाला आलो, ते नाव ओलांडले आणि कागद मिटला. घंटेजवळचा माणूस नावाची वाट बघत नव्हता, कागद मिटताना बघूनच त्याने घंटा वाजवली. मी मान वर करून एकेका चेहऱ्याकडे पाहिले. शेजारी राहिलेले, त्याच्याबरोबर तोफ ओढलेले, दीड वर्ष त्याच्यासाठी मागणे मागितलेले. डोळे मिटलेले होते, ओठ हलत होते, कोणालाही काही कमी वाटले नाही. मग सगळे उठले, धोतरांची धूळ झटकली.

बाहेर पडताना कप्तानसाहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "आज लवकर आटोपलंत, कारकून. बरं केलंत."